विंडोज उडते तेव्हा

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या थोड्याशा वेळात संगणकात पाच-सहा निरनिराळे प्रोग्राम एकामागून एक चालून जातात. प्रत्येकाचे काम थोडेच असते: पुढचा प्रोग्राम कुठे आहे ते शोधायचे, तो धड आहे ना ते पाहायचे आणि यंत्राचा ताबा त्याच्या हाती देऊन बाजूला व्हायचे. ‘संगणक चालू होत नाही’ या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की यांपैकी एक ताबा दिला गेला नाही किंवा घेतला गेला नाही. डिस्कवरची पत्रे, फोटो, हिशेब, प्रबंध हे सगळे जिथल्या तिथे असते. त्यांच्यापर्यंत जाण्याचा रस्ता तेवढा तुटलेला असतो.

दुरुस्तीच्या दुकानात मात्र या तक्रारीला ठरलेले उत्तर मिळते: ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचा गाळा असो, उत्तर बदलत नाही. दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर त्यात फारसे गैर नाही. नवे विंडोज टाकायला किती वेळ लागतो हे त्याला पाठ असते; बिघाड शोधायला किती लागेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि शोधण्याच्या वेळेचे पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार नसते. पण ज्याची सात-आठ वर्षांची कामे आत अडकली आहेत त्याच्या दृष्टीने हे कुलूप उघडेना म्हणून घर पाडण्यासारखे आहे. साखळी कुठे तुटली हे ओळखता आले, तर पुष्कळ संगणक फॉरमॅटवाचून उठतात; आणि ओळखायला लागणारी माहिती बरेचदा पडद्यावरच लिहिलेली असते.

साखळीची पहिली कडी डिस्कवर नसतेच. मदरबोर्डवरच्या चिपमधले फर्मवेअर आधी जागे होते, मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेते आणि मग कोणत्या डिस्कवरून पुढे जायचे ते ठरवते. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून सगळ्या पीसींमध्ये या फर्मवेअरला बायॉस म्हटले जाऊ लागले. जुन्या पद्धतीत बायॉस डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलून त्यातला प्रोग्राम चालवत असे. हा मास्टर बूट रेकॉर्ड. त्यात प्रोग्रामच्या वाट्याला जेमतेम ४४६ बाइट, डिस्कचे विभाग नोंदवायला ६४ बाइट आणि शेवटी खुणेचे २ बाइट. या चिंचोळ्या जागेत जो बसेल त्याच्या हाती पुढचे सगळे यंत्र, हे व्हायरस लिहिणाऱ्यांनी लवकर हेरले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या अशाच पहिल्या तुकड्यात मुक्काम करत असे.

आताच्या संगणकांत बायॉसची जागा यूईएफआयने घेतली आहे, जरी बोलताना सगळे त्यालाही बायॉसच म्हणतात. यूईएफआय पहिल्या तुकड्यावर अवलंबून राहत नाही. डिस्कवर फॅट३२ पद्धतीचा एक लहानसा विभाग असतो, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. त्यातली फाइल तो नावानिशी उघडतो. सिक्युअर बूट चालू असेल तर आधी त्या फाइलवरची डिजिटल सहीही तपासतो. विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये हा विभाग दिसत नाही, म्हणून तो आहे हेच अनेकांना ठाऊक नसते, आणि डिस्कवर जागा करायला निघालेल्या उत्साही माणसाच्या हातून नेमका तोच पुसला जातो.

त्या विभागात विंडोजचा बूट मॅनेजर असतो. विंडोज कुठे आहे आणि कसे सुरू करायचे याची नोंदवही तो वाचतो. तिला बीसीडी म्हणतात आणि ती विंडोज व्हिस्टापासून आली. नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे विनलोड नावाचा प्रोग्राम कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, मेमरीत आणतो, रजिस्ट्रीचा आवश्यक भाग आणतो आणि त्याबरोबर काही निवडक ड्रायव्हरही आणतो, कारण डिस्क वाचायचा ड्रायव्हरच नसेल तर कर्नल जागा होऊनही आंधळा राहील. यानंतर इतर ड्रायव्हर, सर्व्हिसेस, लॉगिनचा पडदा आणि डेस्कटॉप असा क्रम लागतो. यातले ‘निवडक ड्रायव्हर’ लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अँटिव्हायरससारखे काही प्रोग्रामही आपला ड्रायव्हर याच पहिल्या तुकडीत घुसवतात, म्हणजे त्यांच्याआधी कोणी शिरकाव करू नये. हेतू रास्त आहे, पण त्या ड्रायव्हरचीच चूक झाली तर तिची किंमतही पहिल्या रांगेतली असते.

बिघाडाचे ठिकाण कळते ते यंत्र कुठपर्यंत आले यावरून. पंखाही फिरत नसेल किंवा पडदा काळा राहून बीप-बीप ऐकू येत असेल, तर प्रश्न विजेचा, मेमरीचा किंवा मदरबोर्डचा आहे. सॉफ्टवेअरची दुरुस्ती तिथे लागू पडत नाही. कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही असा मजकूर येतो, तेव्हा फर्मवेअर ठीक आहे पण पुढची कडी त्याला मिळालेली नाही. कधी कधी मागे विसरलेला पेन ड्राइव्ह एवढेच कारण असते, म्हणून जोडलेली सगळी उपकरणे काढून एकदा पाहणे शहाणपणाचे. निळ्या पडद्यावर बीसीडीचा उल्लेख असेल तर नोंदवही खराब झालेली आहे. विंडोजचे चिन्ह येऊन गोल फिरता फिरता निळा किंवा नव्या आवृत्तीतला काळा पडदा आला, तर कर्नल सुरू झाला होता आणि एखाद्या ड्रायव्हरने किंवा फाइलने घात केला. लॉगिन होऊन काळ्या पडद्यावर फक्त माउसचा बाण हलत असेल, तर साखळी जवळजवळ पूर्ण झालेली आहे. अशा वेळी फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याने पडदा नीट पाहिलेलाच नसतो.

निळ्या पडद्याच्या तळाशी एक नाव असते, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ किंवा तसे काही. हे नाव आणि खाली एखाद्या फाइलचे नाव असेल तर तेही, मोबाइलने फोटो काढून ठेवावे. पुढची निम्मी मेहनत त्या फोटोने वाचते. वरच्याच संदेशाचे एक कारण जुन्या डेस्कटॉपमध्ये वारंवार भेटते. मदरबोर्डवर सीआर२०३२ या क्रमांकाचा एक चपटा सेल असतो. काही वर्षांनी तो संपतो, मुख्य वीज बंद झाली की बायॉसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची ही सेटिंग मूळपदावर जाते. विंडोज बसवताना ती एएचसीआय असेल आणि आता दुसरीच झाली असेल, तर कर्नलला स्वतःची डिस्क ओळखता येत नाही. विंडोजला काहीही झालेले नसते. घड्याळाची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली की सेलवर संशय घ्यावा; सेल बदलून ती एक सेटिंग जागेवर आणली की यंत्र जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते.

साखळी तुटण्याची कारणे मोजकीच आहेत. अपडेट अर्धवट राहणे हे सर्वांत परिचित. विंडोजचे मोठे अपडेट बंद-चालू होण्याच्या मधल्या काळात फाइली बदलते आणि नेमक्या त्या वेळी भारनियमनाची वेळ झाली किंवा ‘किती वेळ फिरतंय’ म्हणून कोणी बटण दाबून धरले, की काही फाइली नव्या आणि काही जुन्या अशी अवस्था होते. एनटीएफएस ही फाइल-पद्धत स्वतःच्या नोंदींचे रोजनामे ठेवते, त्यामुळे डिस्कची रचना सहसा सावरते. फाइलींचा आपसांतला मेळ मात्र त्यातून परत येत नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असणे, चुकीचा ड्रायव्हर, ‘स्पीड वाढवतो’ म्हणणारे क्लीनर प्रोग्राम आणि व्हायरस ही उरलेली कारणे. व्हायरसवर उतारा म्हणून घेतलेले सॉफ्टवेअरही या यादीत मानाने बसते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही मूळ फाइलच व्हायरस ठरवली आणि जगभरची यंत्रे बंद-चालूच्या फेऱ्यात अडकली.

या जातीची सर्वांत मोठी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी मोठ्या संस्थांना ‘फाल्कन’ नावाचे संरक्षक सॉफ्टवेअर पुरवते आणि त्याचा ड्रायव्हर वर सांगितलेल्या पहिल्या तुकडीत चढतो. त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी २९१ क्रमांकाची एक माहिती-फाइल विंडोज यंत्रांकडे रवाना झाली. नव्या रचनेत २१ रकाने अपेक्षित होते, ड्रायव्हरमधल्या कोडला २०च पुरवले जात होते. एकविसावा वाचायला तो मेमरीत नको तिथे गेला आणि कर्नलमधले चुकीचे वाचन असल्याने अख्खे विंडोज कोसळले. एखादा साधा प्रोग्राम अशी चूक करतो तेव्हा तो एकटाच बंद पडतो. कर्नलमध्ये ती मुभा नाही. कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेतली. तेवढ्या ७८ मिनिटांत जी यंत्रे चालू आणि इंटरनेटला जोडलेली होती, त्यांनाच झळ बसली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती ८५ लाख होती, जगातल्या एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ही यंत्रे विमानतळांवर, बँकांत, रुग्णालयांत बसलेली होती. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले.

फाइल मागे घेतल्यावरही यंत्रे उठेनात, हा या घटनेतला खरा धडा घेण्याजोगा भाग. सुधारित फाइल इंटरनेटवरून आणायची तर विंडोज चालू हवे आणि विंडोज चालू होण्याआधीच तो ड्रायव्हर चढून कोसळत होता. काही यंत्रांत मात्र गंमत घडली: पुन्हा पुन्हा सुरू करताना एखाद्या वेळी त्या ड्रायव्हरने चूक करण्याआधी नेटवर्क जोडले जाई आणि कोसळण्यापूर्वीच नवी फाइल उतरून घेतली जाई. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांसाठी १५ वेळापर्यंत रीस्टार्ट करून पाहा असे सांगितले होते, ते या आशेवर. उरलेल्यांना हाताने उठवावे लागले. अत्यावश्यक ड्रायव्हरच घेणाऱ्या सेफ मोडमध्ये जायचे, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइक असे उतरायचे, नावात २९१ असलेली ती फाइल पुसायची आणि रीस्टार्ट करायचे. काम पाच मिनिटांचे, पण प्रत्येक यंत्रापाशी माणूस जायला हवा. डिस्क बिटलॉकर एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल तर त्याआधी ४८ आकडी किल्लीही हवी. या अनुभवानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये अशी सोय आणली, की वारंवार कोसळणारे यंत्र दुरुस्तीच्या वातावरणातूनच नेटवर्कला जोडून घेईल आणि उपाय स्वतः मागवेल.

क्राउडस्ट्राइकच्या घटनेच्या सात वर्षे आधीचा नॉटपेट्या हा जाणूनबुजून केलेला हल्ला होता आणि त्याचा मार्ग वेगळा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या या प्रोग्रामने मास्टर बूट रेकॉर्डवर स्वतःला लिहून घेतले. यंत्र पुन्हा सुरू झाले की डिस्क तपासली जात असल्याचा नेहमीचा काळा पडदा दिसे, टक्केवारी सरकत राही. प्रत्यक्षात तो पडदा बनावट होता आणि त्याआड डिस्कवरच्या फाइलींची अनुक्रमणिका सांकेतिक केली जात होती. त्या क्षणी ज्यांनी वायर उपटली त्यांचा निदान काही डेटा वाचला. संगणक बंद पाडू नये हा एरवीचा नियम इथे उलटा लागू पडला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला याचा जबर फटका बसला आणि तिच्या समूहाचे न्हावा शेवा बंदरातले टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीने नंतर जाहीर केल्याप्रमाणे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत नव्याने उभे केले. तिच्या जगभरच्या जाळ्याची मूळ नोंद ठेवणारे सगळे सर्व्हर पुसले गेले होते. घानामधला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

घरगुती किंवा लहान कार्यालयातल्या यंत्राची दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा: ज्या उपायाने काहीच पुसले जात नाही तो आधी, ज्याने थोडे पुसले जाते तो नंतर, ज्याने सगळे जाते तो शेवटी. आणि त्याच्याही आधी डेटा. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू केले, तर डिस्कवरच्या विंडोजला स्पर्श न करता फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. यात एक निदानही आपोआप होते. लिनक्स सुरळीत चालले आणि फाइली भराभर उतरल्या, तर डिस्क बहुधा शाबूत आहे. एकेका फाइलीला मिनिटे लागू लागली किंवा डिस्क मधूनच गायब झाली, तर डिस्कच मरणपंथाला आहे. तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत, विशेषतः डिस्क तपासणारा चेकडिस्क चालवू नये, कारण त्या श्रमाने ती पुरती जाते. आधी जे निघेल ते काढून घ्यावे.

विंडोजचे स्वतःचे दुरुस्तीचे वातावरण डिस्कवर वेगळ्या विभागात असते. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होण्यात अपयशी ठरले की पुढच्या वेळी ते आपणहून उघडते. आपणहून उघडत नसेल, तर चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करायचे, असे दोन-तीनदा केले की उघडते. ज्यांना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जायची सवय आहे त्यांची इथे निराशा होते. विंडोज ८ पासून ती सोय मुळात बंद ठेवलेली आहे. विंडोजचा पेन ड्राइव्ह लावून ‘रिपेअर’ निवडले तरी याच ठिकाणी पोहोचता येते.

इथल्या पर्यायांत स्टार्टअप रिपेअर पहिला. त्याची ख्याती फारशी नाही, कारण तो बहुतेक वेळा ‘दुरुस्त करता आले नाही’ एवढेच म्हणून थांबतो. तरी तो चालवावा, कारण त्याने काही बिघडत नाही आणि तो एसआरटीट्रेल नावाच्या फाइलीत काय काय तपासले ते लिहून ठेवतो. त्या फाइलीच्या शेवटी एखाद्या ड्रायव्हरचे नाव सापडले तर शोध संपला. बिघाड अपडेटनंतर लगेच झाला असेल तर शेवटचे अपडेट काढून टाकण्याचा पर्याय थेट घ्यावा. सिस्टिम रीस्टोर यंत्राला आधीच्या तारखेच्या अवस्थेत नेतो आणि वैयक्तिक फाइलींना हात लावत नाही. मात्र तो आधी चालू ठेवलेला असावा लागतो, आणि पुष्कळ यंत्रांत नसतो.

सेफ मोड हा या सगळ्यांतला सर्वांत गुणी पर्याय. त्यात विंडोज अत्यावश्यक ड्रायव्हरच घेऊन उठते. सेफ मोडमध्ये यंत्र उठले, याचा अर्थ कर्नल, डिस्क, नोंदवही सगळे ठीक आहे आणि दोष नंतर आलेल्या एखाद्या पाहुण्याचा आहे. मग अलीकडे बसवलेला प्रोग्राम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस यांपैकी संशयित काढून टाकायचा आणि रीस्टार्ट करायचे. ‘शट डाउन’ पेक्षा ‘रीस्टार्ट’च निवडावे. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन करताना विंडोज कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, त्यामुळे यंत्र दहा वेळा बंद-चालू केले तरी बिघाड जसाच्या तसा परत येऊ शकतो.

यापुढे काळी खिडकी येते, कमांड प्रॉम्प्ट. नवख्याला इथे पहिला धक्का बसतो तो ड्राइव्हच्या अक्षरांचा. दुरुस्तीच्या वातावरणात सी ड्राइव्ह सी असेलच असे नाही, तो डी किंवा ई झालेला असतो. म्हणून आधी डिस्कपार्ट सुरू करून विभागांची यादी मागवायची आणि आकार पाहून विंडोजचा विभाग ओळखायचा. त्याच यादीत काहीशे एमबीचा फॅट३२ विभाग दिसतो, तोच लपलेला ईएफआय विभाग. त्याला मोकळे असे एक अक्षर द्यायचे, समजा एस. मग बीसीडीबूट ही आज्ञा विंडोज फोल्डराचा पत्ता आणि एस हे अक्षर देऊन चालवली की बूट मॅनेजर आणि नोंदवही दोन्ही नव्याने लिहिली जातात. जुन्या पुस्तकांत यासाठी बूटरेकच्या आज्ञा दिलेल्या असतात. यूईएफआय यंत्रांत त्यांतली ‘फिक्सबूट’ बरेचदा ‘परवानगी नाही’ म्हणून अडते आणि माणूस तिथेच हात टेकतो. ती अडली तर घाबरायचे कारण नाही, बीसीडीबूट तेच काम करते. नोंदवही ठीक असून विंडोजच्या फाइली खराब झाल्या असतील, तर एसएफसी आणि डिझम या दोन आज्ञा बंद अवस्थेतल्या विंडोजवरही चालवता येतात. फक्त त्यांना विंडोज कुठल्या अक्षरावर आहे ते सांगावे लागते, नाहीतर त्या दुरुस्तीच्या वातावरणालाच तपासत बसतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा एक खास बिघाड आहे. विंडोजशेजारी उबुंटू टाकलेले असते, सेमिस्टर संपते, जागा हवी असते आणि विंडोजमधून उबुंटूचा विभाग पुसला जातो. पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच येते. ग्रब हा लिनक्सचा बूट प्रोग्राम. त्याचा पहिला भाग सुरुवातीच्या जागी शिल्लक राहतो आणि पुसलेल्या विभागातला आपला उरलेला भाग शोधत बसतो. विंडोज शेजारी अखंड असते. यूईएफआय यंत्रात फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजरला पहिला क्रमांक दिला की काम झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये उलट दिशेनेही घडले. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुन्या लिनक्स बूट प्रोग्रामांची मान्यता काढून घेतली आणि दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स अडले. लिनक्स नवे कर्नल आल्यावर एरवी अडले तर ग्रबच्या यादीतून आधीचे कर्नल निवडता येते; ही सोय इतकी साधी आणि उपयोगी आहे, की विंडोजमध्ये ती नाही याचे नवल वाटावे.

आता कुलूपबंद डिस्क. बिटलॉकर किंवा घरगुती आवृत्तीतले डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर वरची सगळी हातचलाखी किल्ली मिळेपर्यंत थांबते. किल्ली ४८ आकड्यांची, सहा-सहाच्या आठ गटांत. सामान्यतः ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जमा असते, कार्यालयीन यंत्राची कार्यालयाकडे. अडचण अशी की लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलानेच घाईत खाते उघडून दिलेले असते आणि तो ईमेल कोणता, हे घरात कोणालाच आठवत नाही. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले की बहुतेक लॅपटॉपवर हे कुलूप न विचारता लागते. किल्ली नसेल तर लिनक्सचा पेन ड्राइव्ह, डेटा रिकव्हरीचे दुकान, कोणीही काही करू शकत नाही; कुलपाचा उद्देशच तो आहे. अशा वेळी विंडोज नव्याने टाकता येते, पण डेटा गेला असे समजावे.

सगळे उपाय थकले म्हणजे ‘रीसेट धिस पीसी’. ‘माझ्या फाइली ठेवा’ हा त्यातला पर्याय वापरकर्त्याचे फोल्डर ठेवतो आणि बसवलेले प्रोग्राम काढतो. पूर्ण फॉरमॅट त्याच्याही पुढे. दुकानात दिलेले ‘डी ड्राइव्हला काही होणार नाही’ हे आश्वासन बहुधा खरे असते, पण त्यात एक मेख असते: डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, आउटलुकचे ईमेल आणि पुष्कळ ठिकाणी टॅलीचा डेटाही सी ड्राइव्हवरच असतो. फाइली वाचल्या तरी प्रोग्रामांचे काय, हा प्रश्न उरतोच. मराठी छापखान्यांत तो फार बोचतो. डीटीपीच्या जुन्या यंत्रावर श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर, युनिकोडपूर्व फॉन्ट, पेजमेकरची जुनी आवृत्ती आणि हार्डवेअर लॉक यांचा कसाबसा जमलेला संसार असतो. फॉरमॅटनंतर पानांच्या फाइली परत मिळतात, पण त्या फॉन्टशिवाय उघडल्या की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मूळ सीडी हरवलेली असते, लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चढत नाही आणि दिवाळी अंकाची पाने ऐन आश्विनात अडून राहतात. अशा यंत्राच्या बाबतीत फॉन्टचे फोल्डर आधी उतरवून घेणे आणि अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढून ठेवणे, हे कोणत्याही दुरुस्तीच्या अगोदरचे काम.

यंत्र उठल्यावर काम अर्धेच झालेले असते. कारण काय होते ते विंडोजच्या रिलायबिलिटी हिस्टरीत तारखेनिशी सापडते. ज्या दिवशी बिघाड सुरू झाला त्या दिवशी काय बसवले गेले तेही तिथेच दिसते. अपडेट काढून टाकले असेल तर ते आपोआप परत येऊन पुन्हा तोच प्रकार होऊ नये म्हणून काही आठवडे अपडेट थांबवून ठेवावे, कायमचे नव्हे. सिस्टिम रीस्टोर बंद असेल तर चालू करावा आणि निदान १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह करून घ्यावा. बिटलॉकरची किल्ली खात्यातून काढून कागदावर लिहून कपाटात ठेवावी. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवली तर तिचा उपयोग नाही. दुरुस्ती करताना सिक्युअर बूट बंद केला असेल तर तो पुन्हा चालू करावा. आणि पुढे कधी फर्मवेअर अद्ययावत करायचे झाले, तर त्याआधी बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा लागतो. तसे न केल्यास धडधाकट यंत्रही पुढच्या सुरुवातीला ४८ आकडे मागून बसते.